कोरा चहा: कधी घ्यावा, कसा घ्यावा

 

आज बोलायचं आहे कोऱ्या चहाबद्दल. गटांच्या कामासाठी मी गावोगाव फिरते. बिरवाडी असो, वरंध असो, कापडे असो नाहीतर घाटाखालची एखादी वाडी, दारात पाय ठेवला की पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, चहा ठेवू ना? पण कोराच आहे हं!" हा "कोराच" शब्द आपण जरा खालच्या आवाजात बोलतो. घरात दूध नाही याची लाज वाटते. माझं म्हणणं असं आहे की त्यात लाजण्यासारखं काही नाही. कोरा चहा हा चांगला चहा आहे. पण तो कधी घेतो, कशाबरोबर घेतो आणि त्यात साखर किती घालतो, यावर आपल्या अंगातल्या रक्ताचा हिशोब अवलंबून आहे. म्हणून आजचं सांगणं एका वाक्यात आधीच सांगून टाकते: चहा सोडू नका, चहाची वेळ हलवा.

आपल्याकडे कोराच का?

आपला भाग भाताचा, नाचणी-वरीचा आणि डोंगराचा. घाटावर जशी दूधदुभत्याची रेलचेल दिसते तशी आपल्याकडे नाही. आपली जनावरं लहान, दूध बेताचं. पावसात वाडीवर दूधवाला पोचेलच असं नाही. आलं तेवढं दूध लहान पोराला आणि म्हाताऱ्या माणसाला. मग बाकीच्यांचा चहा कोरा. जुन्या बायका सांगतात की मुंबईला गिरणीत गेलेली माणसं गावी येताना चहा आणि साखर घेऊन यायची आणि तो चहा बिनदुधाचाच व्हायचा. जुलै २०२१ च्या महापुरात महाडच्या घराघरांत चिखल भरला होता, तेव्हाही साफसफाई करणाऱ्या माणसांच्या हातात पहिली गरम वस्तू आली ती कोऱ्या चहाचीच.

चहा आपला वाटतो, पण आपल्या देशात तो घरोघर पोचून फार काळ झालेला नाही. इंग्रजांनी आसामात मळे लावले. आसामचा चहा लंडनच्या लिलावात पहिल्यांदा विकला गेला तो १८३९ साली. बरीच वर्षं इथला चहा परदेशीच जायचा. पुढे इथल्या लोकांनाही चहाची सवय लागावी म्हणून चहावाल्यांनी जाहिराती केल्या, फुकट चहा वाटला. १९०३ साली तर जाहिरातीच्या खर्चासाठी चहावर वेगळा कर बसवणारा कायदाही झाला. म्हणजे आपल्या पणजीच्या आईने कदाचित चहा चाखलाही नसेल.

आता ही पूड बनते कशी, ते थोडक्यात. चहाचं झुडूप असतं. त्याची कोवळी पानं खुडतात, सुकत घालतात, चुरडतात, मग हवेवर ठेवतात. कापलेलं सफरचंद किंवा वांगं हवेवर काळपट होतं ना, तसंच पान हिरव्याचं तांबूस-काळं होतं. मग ते भट्टीत वाळवतात. आपण बाजारातून आणतो ती दाणेदार ममरी यंत्रात चिरडून, फाडून, गोल वळवून केलेली असते. ही पद्धत १९३० च्या दशकात आसामात सुरू झाली. तिचा रंग पटकन उतरतो, चहा कडक होतो. ममरीच्या खाली उरते ती बारीक भुकटी. ती आणखी कडक.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा. आपल्या परसातला गवती चहा हा या चहाचा कोणी लागत नाही. ते सुगंधी गवत आहे. त्याचा उपयोग कुठे करायचा ते पुढे सांगते.

तोंड तुरट का होतं?

कोरा चहा जरा जास्त उकळला की जीभ आवळल्यासारखी होते. हा तुरटपणा आपल्याला नवा नाही. हिरडा चावून बघा. काजूचं बोंड खाऊन बघा. कच्च्या केळ्याचा चीक जिभेला लागू दे. तोच आवळल्यासारखा भाव. हा तुरटपणा ज्या पदार्थामुळे येतो त्याला टॅनिन म्हणतात. हिरड्यात तो भरपूर असतो, म्हणून हिरडा कातडी कमावायला वापरतात. चहाच्या पानातही तो असतो.

टॅनिनचा एक गुण आपण रोज डोळ्यांनी बघतो. लोखंडी विळीवर कच्चं केळं चिरलं की पातं काळं पडतं आणि केळ्यालाही काळा डाग लागतो. हिरड्याच्या पाण्यात लोखंडाचा अंश मिसळून कापडाला काळा रंग देण्याची रीत तर फार जुनी आहे. तुरट रस आणि लोह भेटले की एकमेकांना घट्ट धरून बसतात आणि काळा रंग तयार होतो.

हेच आपल्या पोटात होतं. नाचणीच्या भाकरीत लोह आहे, वालाच्या उसळीत आहे, माठाच्या भाजीत आहे. भाकरीबरोबर किंवा भाकरीवर लगेच चहा प्यायलो की चहातला तुरटपणा त्या लोहाला धरतो. मग ते लोह आतड्यातून रक्तात जात नाही, तसंच पोटातून बाहेर पडतं. भाकरी खाल्ली, पोट भरलं, पण त्यातला रक्त वाढवणारा भाग मोठ्या प्रमाणात वाया गेला.

हे नुसतं तर्काने सांगत नाही. १९७५ साली दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी माणसांवर हे तपासलं. ब्रेडबरोबर आणि भाताच्या जेवणाबरोबर चहा दिला तेव्हा लोह अंगी लागण्याचं प्रमाण घटलं. आपल्या देशात बंगळुरूच्या तरुण स्त्रियांवर असाच अभ्यास झाला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. भाताचं जेवण आणि सोबत एक कप कोरा चहा, एवढ्याने अंगी लागणारं लोह जवळपास निम्म्यावर आलं. दोन कप घेतल्यावर आणखी कमी झालं. भात आणि कोरा चहा, म्हणजे आपल्याच घरचं ताट म्हणा ना!

कुणी म्हणेल, मग आम्ही दूध घालून पितो, आम्हाला काही नाही. तसं नाही. दुधाच्या चहातही पूड तीच असते. दूध घातल्याने या बाबतीत फारसा फरक पडत नाही.

हा हिशोब आपल्यासाठी का मोठा आहे?

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांहून जास्त स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. गटाच्या बैठकीला दहाजणी बसल्या असतील तर त्यातल्या पाच-सहाजणी. चढण चढताना धाप लागते, लावणीत ओणवं राहून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, संध्याकाळी पाय उचलत नाहीत. आपण म्हणतो, "काम झालंय जास्त." काम जास्त असतंच. पण खूपदा रक्तही कमी असतं. तपासणीत हिमोग्लोबिन १२ च्या खाली आलं तर रक्त कमी समजतात. गरोदर बाईसाठी हा आकडा ११ आहे.

आपल्या देशातल्या आहारतज्ज्ञांच्या हिशोबाने मोठ्या बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह अन्नातून मिळायला हवं. एवढं का? कारण धान्य-भाजीतलं लोह अंगी फार थोडं लागतं, दहावा भाग किंवा त्याहूनही कमी. नाचणी या बाबतीत चांगली आहे. १०० ग्रॅम नाचणीत साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमसुद्धा नसतं. आता बघा, नाचणी आपण पिकवली, दळली, भाकरी थापली आणि ती चहात बुडवून खाल्ली. एवढ्या मेहनतीने आणलेलं लोह एका कपात गेलं.

सुकट, बोंबील, मासे, मटण यांतलं लोह वेगळ्या प्रकारचं असतं. त्याच्यावर चहाचा फारसा परिणाम होत नाही. पण ते आपल्या ताटात रोज कुठे असतं? रोजचं आपलं धान्य, कडधान्य आणि भाजी. म्हणून जपायचं आहे ते याच लोहाला.

दिवसभराचा चहा

मग चहा घ्यायचा तरी कधी? साधा नियम असा: जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर एक तास चहा नको. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी जी आहार-मार्गदर्शिका काढली, तिच्यातही हेच सांगितलं आहे. आता हा नियम आपल्या दिवसात बसवून बघू.

पहाटेचा चहा. पाच-साडेपाचला उठलो, चूल पेटवली, कोरा चहा घेतला. न्याहारी सातला आहे. मध्ये तास-दीड तास आहे, म्हणजे या चहाला काही हरकत नाही. आधी एक तांब्या पाणी मात्र प्या. ज्यांना पित्त होतं, छातीत जळजळतं, त्यांनी रिकाम्या पोटी कडक चहा टाळावा. त्यांनी गवती चहाची पात आणि आलं घालून नुसतं उकळलेलं पाणी घ्यावं.

न्याहारी. आपली खरी अडचण इथे आहे. चहा-भाकरी, चहा-चपाती, चहा-टोस्ट ही आपली सवय. इथली जोडी तोडायची. भाकरीबरोबर रात्रीचं कालवण, उसळ, लसणीची चटणी, ठेचा, सुकट, ताक, जे असेल ते घ्या. कोरड्या भाकरीला काहीतरी ओलं लागतं हे मला कळतं. चहा तेवढ्यासाठीच पुढे येतो. डाळीचं पाणी असलं तरी भाकरी ओली होते. एक लिंबाची फोड पिळली तर आणखी चांगलं, कारण लिंबामुळे लोह जास्त अंगी लागतं. आवळा आणि पेरूही तेच काम करतात.

शेतातला चहा. लावणीच्या दिवसांत हा चहा म्हणजे आधार. अंगावर इरलं नाहीतर प्लास्टिक, पायाखाली चिखल, वरून पाऊस. साडेदहाच्या सुमाराला किटली बांधावर आली की सगळ्याजणी कंबर सरळ करतात. न्याहारी सातला झाली आणि जेवण एकला आहे, तर साडेदहा ही चहाची अगदी बरोबर वेळ. एका बैठकीत एक काकी मला म्हणाल्या, "चहा बंद केलास तर आवण कोण उपटणार?" काकी, हा चहा बंद करायचाच नाही. चहातल्या कॅफीनमुळे तरतरी येते, गरम घोटाने हातापायांत ऊब येते, चार शब्द बोलणं होतं. फक्त जेवणाचा डबा उघडला की किटली बाजूला ठेवायची, एवढंच.

दुपारच्या जेवणावरचा चहा. काही घरांत हात धुतला की लगेच चहा लागतो, विशेषतः पाहुणा आला असेल तर. हा चहा तासभर पुढे ढकला. एकला जेवलात तर दोननंतर घ्या. इंग्लंडमध्ये झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जेवणाबरोबरचा चहा आणि तासाभराने घेतलेला चहा यांची तुलना केली होती. तासाभराने घेतलेल्या चहाने लोहाचं नुकसान बरंच कमी झालं. तोच कप, तीच पूड, फरक फक्त तासाचा.

चारचा चहा. दिवसातला सगळ्यात निवांत चहा हाच. जेवण जिरलेलं असतं, रात्रीचं जेवण लांब असतं. गटाची बैठकही आपण बहुतेक याच वेळेला ठेवतो. कोऱ्या चहाचा खरा आनंद घ्यायचा तर या वेळी. सावकाश, बशीत ओतून, वास घेत.

रात्रीचा चहा. अंधार पडल्यावर पुडीचा चहा नको. कॅफीन अंगातून लवकर जात नाही. पाच-सहा तासांनंतरही त्यातलं जवळपास निम्मं उरलेलं असतं. सातला चहा घेतला तर मध्यरात्रीही डोळ्याला डोळा लागत नाही, आणि पहाटे पाचला तर उठायचंच असतं. रात्री काही गरम हवंच असेल तर इथे गवती चहा उपयोगी पडतो. गवती चहाची पात, तुळशीची पानं, आल्याचा तुकडा, पूड अजिबात नाही. यात कॅफीन नसतं.

किती कप? पोषण संस्थेच्या म्हणण्याप्रमाणे चहाच्या एका कपात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असतं आणि दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम. म्हणजे कडक चहा पिणारीने चार कपांवर थांबावं. माझ्या मते तीन पुरेत: पहाटेचा, साडेदहाचा, चारचा.

आणि एक गोष्ट काळजीने सांगते. चहा भूक मारतो. सगळ्यांना वाढून झाल्यावर आपल्या वाट्याला कमी उरलं की आपण म्हणतो, "मला भूक नाही, घोटभर चहा घेते." मैत्रिणींनो, चहाच्या पाण्यात अन्न नाही. चहा जेवणाची जागा घेऊ शकत नाही. चहाची वेळ हलवायची, तशी आपल्या जेवणाची वेळही जपायची.

कोरा चहा चांगला कसा करावा

दुधाच्या चहाला आपण पूड खळाखळा उकळतो. तीच पद्धत कोऱ्या चहाला वापरली की तो कडू-तुरट होतो, मग तो कडूपणा मारायला आपण साखर वाढवतो. कोऱ्या चहाची रीत वेगळी आहे.

चार कपांसाठी टोपात चार कप पाणी घ्या. आलं ठेचून, गवती चहाची पात दुमडून आणि हवी तर दोन-चार तुळशीची पानं घालून पाणी चांगलं उकळू द्या. मसाल्याचा सगळा वास पाण्यात उतरू द्या. मग टोप चुलीवरून खाली उतरवा आणि तेव्हा पूड घाला, एका कपाला एक छोटा सपाट चमचा, म्हणजे दोन ग्रॅमच्या आसपास. झाकण ठेवा. ममरीला दोन-तीन मिनिटं पुरतात. भुकटी असेल तर त्याहून कमी. गाळा. रंग लालसर, तांब्यासारखा दिसला पाहिजे. काळा दिसला तर पूड जास्त झाली किंवा वेळ जास्त झाला.

लिंबू घालायचं तर कपात, अगदी शेवटी, चार थेंब. लिंबू पडलं की चहाचा रंग फिका होतो, त्याला घाबरू नका, आंबटपणामुळे तसं होतं. "लिंबू पिळलं म्हणजे आता भाकरीबरोबर चालेल ना?" असं बरेच जण विचारतात. नाही. तुरटपणा तसाच राहतो. लोहासाठी लिंबू पिळायचं ते उसळीत आणि भाजीत.

उरलेला चहा पुन्हा पुन्हा गरम करू नका आणि एकदा वापरलेल्या पुडीत पाणी घालून परत उकळू नका. त्यातून चव येत नाही, नुसता तुरटपणा उतरतो. वापरलेली पूड धुऊन झाडांच्या मुळाशी टाका.

साखर, गूळ आणि पैशांचा हिशोब

आता वही-पेन घ्या. एका कपात दोन चमचे साखर म्हणजे आठ ते दहा ग्रॅम. दिवसाला पाच कप घेतले तर चाळीस ते पन्नास ग्रॅम. महिन्याला एकटीच्या पोटात सव्वा ते दीड किलो साखर, नुसत्या चहातून. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की दिवसाला वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत असावी, २५ ग्रॅमच्या आत असेल तर जास्त चांगलं. म्हणजे आपली सगळी मर्यादा चहाच खाऊन टाकतो. चमचा एकदम बंद करू नका. या आठवड्यात दोनाचा दीड, पुढच्या आठवड्यात एक. जीभ महिन्याभरात सरावते.

गुळाचा कोरा चहा छान लागतो आणि गुळाने दूध फाटण्याची भीतीही इथे नाही. पण गुळाच्या चहाने रक्त वाढतं हा समज सोडा. चमचाभर गुळात लोह नाममात्र असतं आणि तेही त्याच चहातल्या तुरटपणाच्या तावडीत सापडतं. गूळ खायचा तर भाजलेल्या शेंगदाण्यांबरोबर खा. आणि साखरेचा आजार असणाऱ्यांना गूळही साखरेइतकाच जपून.

दुधाचा हिशोबही करू. घरात पाच माणसं, दोन वेळा चहा, दर कपात पन्नास मिलिलिटर दूध. दिवसाला अर्धा लिटर, महिन्याला पंधरा लिटर. तुमच्या गावातल्या भावाने गुणा. मोठ्या माणसांनी एक वेळचा चहा कोरा घेतला तर महिन्याला सात-साडेसात लिटर दूध वाचतं. ते दूध चहात घालण्यापेक्षा पोराच्या पेल्यात जाऊ द्या.

लाल गोळी, गरोदर बाई आणि लहान मूल

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून नीट ऐका.

'ॲनिमिया मुक्त भारत' ही मोहीम २०१८ पासून चालू आहे. गरोदर बाईला दिवस राहिल्यानंतर तीन महिने झाले की रोज एक लाल गोळी, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस दिली जाते. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं, शिवाय फॉलिक ॲसिड. शाळेतल्या मोठ्या मुलींना आठवड्याला एक निळी गोळी मिळते. आशाताई घरापर्यंत येऊन गोळ्या देतात. आणि आपण ती गोळी कशाबरोबर गिळतो? समोर कप असतो म्हणून चहाबरोबर!

गोळी पाण्याबरोबर घ्या, शक्य तर लिंबूपाण्याबरोबर. आगेमागे तासभर चहा नको. कॅल्शियमची गोळी मिळाली असेल तर ती वेगळ्या वेळेला. मळमळत असेल तर गोळी बंद करू नका, रात्री जेवण झाल्यावर झोपण्यापूर्वी घेऊन बघा आणि आशाताईंना सांगा. शौचाला काळं होतं, त्याला घाबरायचं कारण नाही. थायरॉईडची गोळी चालू असेल तर तीसुद्धा साध्या पाण्याबरोबर, रिकाम्या पोटी घ्यायची असते, चहाबरोबर नाही.

गरोदर बाईने दिवसाला दोन छोट्या कपांच्या वर चहा घेऊ नये. त्या दिवसांत कॅफीन अंगात जास्त वेळ रेंगाळतं.

लहान मुलांना चहा नको, कोरा नको आणि दुधाचाही नको. रडतंय म्हणून बशीत बिस्कीट बुडवून दिलं की ते गप्प होतं, पण त्याचं एवढंसं पोट गोड पाण्याने भरतं. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू होतं, तेव्हा नाचणीचं सत्त्व, मऊ भात, डाळ, भाजी द्या. सासूबाई म्हणाल्या, "आमची पोरं चहावरच वाढली," तर वाद घालू नका. नाचणीची वाटी त्यांच्याच हातात द्या आणि म्हणा, "आई, तुम्हीच भरवा."

विकत घेताना, ठेवताना

आठवडी बाजारात सुटी पूड स्वस्त मिळते. कधी कधी वापरलेल्या पुडीला रंग लावून ती पुन्हा विकली जाते. ओळखायची सोपी रीत आहे. पांढऱ्या टिपकागदावर चिमूटभर पूड पसरा, वर थोडं थंड पाणी शिंपडा. थोड्या वेळाने पूड काढून कागद पाण्याखाली धरा. कागदावर रंगाचे गडद डाग राहिले तर पुडीला रंग लावलेला आहे. दुसरी रीत लोहचुंबकाची. पुडीवरून चुंबक फिरवा. लोखंडाचा कीस असेल तर चिकटून येतो. हे दोन्ही प्रयोग बैठकीत पाच मिनिटांत होतात.

आणि आपल्या पावसात पूड जपायला लागते. पूड ओल धरते आणि शेजारच्या वस्तूचा वासही धरते. घट्ट झाकणाचा कोरडा डबा वापरा, ओला चमचा घालू नका आणि चहाचा डबा सुकटीच्या डब्याशेजारी तर मुळीच ठेवू नका. पाहुण्यांना बोंबलाच्या वासाचा चहा मिळायचा!

या महिन्यात गटात काय करायचं?

तीन कामं सांगते. पहिलं काम, एक प्रयोग. बैठकीच्या आदल्या रात्री काचेच्या ग्लासात कोरा चहा घ्या आणि त्यात एक गंजलेला खिळा टाकून ठेवा. दुसऱ्या ग्लासात नुसता कोरा चहा. दुसऱ्या दिवशी दोन्ही ग्लास सगळ्याजणींसमोर ठेवा. खिळ्याचा चहा शाईसारखा काळा झालेला दिसेल. मी अर्धा तास बोलून जे समजावते ते हा ग्लास एका मिनिटात समजावतो. तो चहा नंतर ओतून टाका, कुणी पिऊ नका.

दुसरं काम, बैठकीचा चहा. बैठकीला पोहे-उपमा आणि चहा एकत्र देतो ना, ते वेगळं करा. चहा आधी, बैठक बसतानाच. खाणं शेवटी, वर लिंबाची फोड. साखर निम्मी. दूध नसेल तर "कोराच आहे" असं खाली मान घालून म्हणू नका, आणि ज्यांना तो मिळेल त्यांनीही तोंड वाकडं करू नका.

तिसरं काम, तपासणी. गटातल्या प्रत्येकीने उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घ्यायचं. आकडा आपापल्या वहीत लिहायचा. बचतीचा आकडा आपण लिहितो, कर्जाचा लिहितो, मग रक्ताचा का नको? रक्त कमी निघालं तर नुसती चहाची वेळ बदलून भागणार नाही. गोळ्या, जंताचं औषध आणि डॉक्टरांचा सल्ला लागेल. पण गोळ्या चालू असताना चहाची वेळ चुकली तर त्या गोळ्यांचाही पुरता उपयोग होणार नाही, हे विसरू नका.

घरातल्या पुरुषांनाही हे सांगा. चारचा चहा एखाद्या दिवशी त्यांनी करून आपल्या हातात दिला तर त्याची चव काही औरच असते. रीत सांगितलीच आहे: पाणी उकळून टोप खाली उतरवायचा, मग पूड, वर झाकण, तीन मिनिटं. एवढं कुणालाही जमतं.

पुढच्या वेळी परसबागेतल्या शेवग्याबद्दल बोलू. तोवर आपापल्या वहीत हिमोग्लोबिनचा आकडा लिहून ठेवा. मी बैठकीला आले की विचारणार आहे. नमस्कार.